थांबवायचा सिग्नल

मी याद्या करणारी बाई आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे जे घडलं त्यात माझ्या याद्यांचाही हात आहे आणि तो काही मिरवण्यासारखा नाही. आमच्या फ्रिजवर वाण्याची यादी असते, कपाटाच्या दाराला आतून कपड्यांची असते, आणि पर्समधल्या छोट्या वहीत कोणकोणत्या याद्या करायच्या राहिल्यात त्याची यादी असते. नवरा रेल्वेत गार्ड आहे, दुर्ग लाइनीवर मालगाड्या घेऊन जातो. तो म्हणतो, "यम तुले न्यायला आला, तर तू आधी त्याच्याकडून पोचपावती घेशीन."

अशा बाईला भिलाईतल्या आमच्या मराठी मंडळाने सेक्रेटरी केलं, यात नवल नाही. नवल हे, की त्याच मंडळाच्या सिनेमा विभागाचे प्रमुख शंकर गभणे होते, ज्यांनी आपणहून सहीखेरीज काही कागदावर लिहिलेलं मी पाहिलं नाही. विभागात ते एकटेच होते, त्यामुळे प्रमुखपदाची निवडणूक झाली नाही.

गभणे काका मूळचे तुमसरकडचे, धानाची शेती असलेल्या घरातले. एकतीस वर्षं त्यांनी प्लांटमध्ये रोलिंग मिलची क्रेन चालवली. म्हणजे शेडच्या छताशी एका काचेच्या केबिनमध्ये बसायचं आणि खालचं टनावारी लोखंड उचलून इकडून तिकडे ठेवायचं. वरपर्यंत माणसाचा आवाज पोचत नाही. म्हणून खाली एक जण उभा राहून हातांनी खुणा करतो: वर घे, खाली सोड, सावकाश, थांब. एकतीस वर्षं काका त्या हातांकडे बघत राहिले. निवृत्त होऊन जुनवानीत छोट्या घरात राहायला आले तेव्हा बोलणं कमी झालेलं आणि हात मात्र सुटलेले, असा माणूस आमच्या वाट्याला आला. चहा पुरे झाला तर ते हात आडवा धरत. अध्यक्षांचं भाषण लांबलं तर बोट खाली करून गोल गोल फिरवत. अध्यक्षांना वाटायचं, काका दाद देतात.

माणसांना ते वरून ओळखत. "तोंडं मले समजत नाई," म्हणायचे, "तोंडं सारी सारखीच. टाळू पाहा, टाळू खोटं बोलत नाई." कुणाचा भोवरा कुठे, कुणाचा भांग कुठून फाटायला लागलाय, हे त्यांना पाठ. अध्यक्ष साहेबांनी एका दिवाळीत केसांचा टोप लावला, तेव्हा काका त्यांना ओळख न देता शेजारून निघून गेले. साहेबांना ते फार लागलं. पुढच्या सभेला ते टोप न घालता आले आणि काकांनी लांबूनच हात केला.

आणखी एक. काका कशाच्याही खाली उभे राहत नसत. पंखा, झुंबर, मांडवातली लाउडस्पीकरची पेटी, काहीही वर असलं की आधी मान वर, मग दोन पावलं बाजूला. माझ्या पहिल्याच सभेत त्यांनी माझी खुर्ची तीनदा सरकवली, कारण वरचा पंखा डुलत होता. मी इतिवृत्तात लिहिलं, ‘श्री. गभणे यांनी पंख्याविषयी हरकत घेतली.’ ते वाक्य मी आजही खोडलेलं नाही. पंखा पुढच्या महिन्यात पडला. खाली कोणी नव्हतं, मीही नव्हते.

त्यांची वाक्यं मोजकी होती आणि सगळी क्रेनची होती. "सिग्नल नाई दिसला तर हात हलवाचा नाई." किंवा, "वर घ्यायचा सिग्नल एकानंच द्यायचा. पण थांबवायचा कोणीबी देऊ शकते. झाडूवाला देईन, मोठा साहेब देईन. दिसला का थांबाचं. कावून, ते मंग इचारायचं." आणि छाती जरा पुढे काढून, "एकतीस वर्षांत एक लोड पडू नाई देला."

सिनेमे त्यांच्याकडे आले ते मुलाच्या हार्ड डिस्कमधून. दिनेश हा त्यांचा एकुलता एक. "सुरतले असते," एवढंच काका सांगत. काय करतो, लग्न झालं का, येतो कधी, यावर हात आडवा. काकू पूर्वीच गेल्या होत्या. दिनेशने घरी ठेवलेल्या त्या डबीत देशोदेशीचे दोनशे-तीनशे सिनेमे होते आणि काका महिन्याच्या दुसऱ्या रविवारी त्यातला एक मंडळाच्या हॉलमध्ये दाखवत. खाली इंग्रजी अक्षरं यायची. आमच्या मंडळातल्या म्हाताऱ्यांना इंग्रजी जमत नाही, आणि तरुणांना काहीही वाचायचा कंटाळा. म्हणून मागे एका उंच स्टुलावर बसून, तेवढ्या उंचीवरून सगळ्यांच्या टाळवा न्याहाळत, काका प्रत्येक वाक्य मोठ्याने आपल्या मराठीत सांगत. कारखान्यातली नियमपुस्तकं वाचून वाचून त्यांचं इंग्रजी कामापुरतं पक्कं झालं होतं. एका जपानी सिनेमात बराच वेळ कोणी बोलेना, तेव्हा काका म्हणाले, "कोणी बोलून नाई राहिलं. आपणबी नोको बोलू." एका फ्रेंच सिनेमात नवराबायको जवळ आले, तर, "हे त्याईचं घरगुती हाय. तुमी पाणी प्या." चाळीस माणसं शिस्तीत पाणी प्यायली.

मी पहिल्या रांगेत वही घेऊन बसत असे आणि खालची अक्षरं व काकांचं भाषांतर ताडून पाहत असे. मला हे कोणी सांगितलं नव्हतं. चुका फार नसत. तरी मी लिहून ठेवत असे.

स्पेनचा सिनेमा आला तो माझ्या फॉर्ममुळे. दर सिनेमाआधी काकांनी एक फॉर्म भरायचा, अशी पद्धत मीच काढली होती: नाव, भाषा, लांबी, चहाची वेळ आणि प्रकार. ‘प्रकार’ या रकान्यात मी तीन चौकोन काढले होते: कौटुंबिक, धार्मिक, विनोदी. जगात चौथ्या प्रकारचा सिनेमा असू शकतो, हे मला सुचलं नव्हतं. काकांनी भाषेपुढे ‘स्पेनची’ लिहिलं, प्रकाराच्या तीन चौकोनांकडे बराच वेळ पाहिलं आणि ‘कौटुंबिक’वर खूण केली. मी सही केली आणि ग्रुपवर टाकलं: सहकुटुंब यावे.

आता थोडं माझ्या घराबद्दल, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. त्या वर्षी आमच्या वैशाली नगरच्या घरात फॉइल संपायला लागलं होतं. पोळ्या गुंडाळायचा तो चांदीचा कागद. पूर्वी एक रोल तीन महिने जायचा, तो पंधरा दिवसांत संपे. मी फ्रिजवरच्या यादीत त्यापुढे लाल चांदणी काढली. मग रोल लांबीला कमी भरत असेल असं वाटून मी कंपनीला पत्र लिहिलं. मग, पत्र पाठवल्यावर, शिवणाच्या टेपने एक नवा रोल जेवणाच्या टेबलावर उलगडून मोजला. खोक्यावर नऊ मीटर लिहिलं होतं, नऊ मीटर भरला. यावरून कोणतीही शहाणी बाई काय समजेल? मी समजले, की नवरा गाडीवर नेताना डबा दुहेरी गुंडाळतो.

बाथरूमच्या दारावर आमच्या सगळ्यांच्या वजनांचा तक्ता होता. माझी मुलगी पूर्वा तेव्हा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती. तिचं वजन दर महिन्याला उतरत होतं. मी त्यापुढे बरोबरची खूण करत होते आणि एकदा ‘शाब्बास’ असंही लिहिलं. ती दुपारी झोपे, भर मे महिन्यात पूर्ण बाह्यांचे कपडे घाली, बोलता बोलता तिची मान पुढे येई. मी तिचं झोपेचं वेळापत्रक करून दिलं.

तर तो रविवार. चाळीस खुर्च्या, शेजारच्या साहूबाईंनी केलेला फरा, म्हणजे तांदळाची उकडलेली मुटकी, मागे चहाचा थर्मास आणि ‘चहावाटप’ या कामापुढे मी पूर्वाचं नाव घातलेलं. सिनेमा चारला सुरू, चहा पाचला.

समुद्रकाठचं गाव, बंद पडलेला जहाजांचा कारखाना, चार तरुण पोरंपोरी आणि त्यांच्यात एक मोटारसायकल. सुरुवातीला सगळे हसतात, पोहतात. मग एका पडक्या खोलीत ती चौघं बसतात आणि काय करतात ते दिसायला लागलं, तशी अध्यक्षीणबाईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. ‘कौटुंबिक’ लिहिलं होतं ना, असं त्यांच्या भुवया म्हणत होत्या. काका थांबले नाहीत. "नशा करून राहिले," ते सरळ म्हणाले. "चांदीच्या कागदावर पूड जाळून धूर वढून राहिले. पाहा, लपवू नोका."

त्यातला एक मुलगा मातेओ. त्याचा बाप जहाजाच्या कारखान्यातून निवृत्त झालेला. बाप बाहेरून घरी येतो तर टीव्हीची जागा रिकामी. खाली इंग्रजीत आलं, ‘टीव्ही कुठे आहे?’ मुलगा काहीच बोलत नाही. पण काका म्हणाले, "पोट्टा म्हणते, रिपेरले देला."

मी वहीत लिहिलं: हे वाक्य सिनेमात नाही.

"बाप म्हणते, बरं," काका पुढे सांगत होते. पडद्यावरचा बाप नुसता उभा होता. "त्याले माईत हाय, रिपेरले नाई देला. तरी म्हणते, बरं. कावून म्हणते? कावून का बरं नाई म्हणलं तर मंग सारं इचारा लागते."

मी लिहिलं: हेही नाही. मग पेन थांबलं.

पडद्यावर बाप ताट वाढतो. मातेओ दाराशी उभा. खाली अक्षरं होती, ‘जेवून जा.’ काका म्हणाले, "दिनेश, जेवून घे. पण अठी बसून जेव. बाहेर नोको जाऊ, दिनेश."

काय बोलून गेलो हे काकांना कळलं की नाही, मला आजही सांगता येत नाही. ते त्याच आवाजात पुढे बोलत राहिले. पडद्यावर आता दुसरं घर होतं, त्या चौघांतल्या मुलीचं. तिची आई स्वयंपाकघर आवरतेय. खण उघडते. कागदाची रिकामी नळी काढते, बघते आणि परत ठेवते. खाली एक अक्षर नाही.

"माय पाहून राहिली," काका म्हणाले. "चांदीचा कागद संपला. घरी डबा नेणारा एक, तरी कागद संपते. माय पाहते आन ठेवून देते. लिहून ठेवत असन कुठंतरी, आणा लागते म्हून."

"मध्यंतर!" मी ओरडले.

चार पन्नास झाले होते. माझ्या आयुष्यात मी कोणताही कार्यक्रम वेळेआधी थांबवला नव्हता. दिवे लागले. मी मागे वळले. थर्मासजवळच्या खुर्चीत पूर्वा होती, हातात रिकामा कप, नुकतीच जागी झालेली. ती पडद्याकडे पाहत नव्हती. माझ्याकडे पाहत होती. मग तिने कप खाली ठेवला आणि बाहेर गेली.

काका स्टुलावरून उतरले आणि मला हॉलमागच्या पाण्याच्या टाकीजवळ घेऊन गेले. टाकी उंचावर होती, म्हणून आधी मला दोन पावलं बाजूला केलं.

"दिसलं तुले," ते म्हणाले.

"काका, मी कंपनीले पत्र लिहिलं," मी म्हटलं. "रोल कमी भरते म्हणून. मी टेपनं मोजला, काका. नऊ मीटर."

ते हसले नाहीत. "म्या सुरत सांगतलं," ते म्हणाले. "चार वर्ष झाले. तो कुठं हाय मले माईत नाई. टीव्ही गेला तवा बरं म्हणलं. त्याच्या मायचे भांडे गेले तवा बरं म्हणलं. मंग एक दिवस एकदम दार लावून घेतलं. तू पत्र तरी लिहिलं, सेक्रेटरीबाई."

"पूर्वाचं तुम्हाले कसं कळलं?"

"दोन महिन्यांपासून टाळू दिसून राहिली तिची. झोपलेल्याची मान येगळी पडते, आन नशेवाल्याची येगळी. म्या दिनेशची पायली हाय." मग वर टाकीकडे बघून, "हा सिनेमा अकरा वेळा पायला म्या. बाप दार लावते तठी बंद करतो. पुढं काय होते, मले नाई माईत."

सिनेमा त्या दिवशी अर्धाच राहिला. रडण्यासाठी मी घरी गेले आणि रडायच्या आधी यादी केली. ‘पूर्वा – उपाय’, एकूण तेवीस. मोबाइल काढून घेणे, कॉलेज बंद, खोलीची कडी काढणे, योगासनं, नागपूरच्या मामांना बोलावणे, असं करत करत तेविसावा, सगळे चमचे मोजून ठेवणे. आमच्या घरात तेव्हा सगळेच उपाय सांगत होते. सासूबाई म्हणत, पोरीले नजर लागली, चांगलंचुंगलं खाऊ घाला. नवरा एक दिवस ओरडे आणि दुसऱ्या दिवशी तिच्यासाठी आइस्क्रीम आणे. मामांनी फोनवरून स्थळ सुचवलं. पूर्वा खोलीत पडून होती आणि म्हणत होती, "मम्मी, प्लीज, लिस्ट मत सुनाओ."

काका आले. यादी वाचली, उभ्याउभ्या, दिव्याखालून बाजूला सरकून.

"चांगली हाय," ते म्हणाले. "पण खाली चार माणसं चार सिग्नल देऊन राहिले, तर वरचा काय करते, माईत हाय? काईच नाई करत. हात काढून बसते."

"मग लोड कोणी सांभाळायचा?" मी विचारलं. मला वाटत होतं मी बरोबर चालले आहे. "पूर्वाला कोणीतरी सांभाळायला…"

"हे पाहा, इथंच चुकली तू. ती लोड नोहे. ती वर बसली हाय. दांडे तिच्या हातात हायत, तुह्या नाई. खालून कोणी कितीबी उड्या मारल्या, तरी दांडा तिलेच वढा लागते. आपुन फक्त दिसा लागते तिले."

"मी दिसते की. चोवीस तास घरात आहे मी."

"तू यादी दिसते," काका म्हणाले.

हे मला फार लागलं. अध्यक्षांना टोपाचं लागलं होतं तसं.

डॉक्टरांकडे पूर्वाला नेलं ते मी आणि नवऱ्याने, हे आमच्या नावावर असू द्या. उपचार सुरू झाले. रोज सकाळी दवाखान्यात जाऊन नर्ससमोर गोळी घ्यायची, रोज म्हणजे रोज. आमच्याबरोबर जायला तिने साफ नकार दिला. तेव्हा सकाळी सात वाजता फाटकाशी काका येऊन उभे राहू लागले. बेल वाजवत नसत, हाक मारत नसत. नुसते उभे, फाटकावरच्या कमानीपासून दोन पावलं लांब. पहिल्या दिवशी पूर्वा पावणेआठला बाहेर आली. दुसऱ्या दिवशी साडेसातला. मी खिडकीच्या पडद्याआडून वेळा टिपत होते. तिसऱ्या दिवशी काकांनी खिडकीकडे बघून हात आडवा धरला. मी वही ठेवली.

रस्त्याने दोघं बोलत नसत. पण काही दिवसांनी पूर्वा जेवताना वरणाच्या भांड्याकडे बोट करून ते गोल फिरवायला लागली. "काय हे?" मी म्हटलं.

"नीचे छोडो, बोल रही हूँ. आण ना वरण," ती म्हणाली. "और एक हाथ ऊपर ऐसे स्थिर रखा, तो मतलब धीरे." डावा तळवा वर स्थिर, त्याखाली उजव्या हाताचं फिरणारं बोट: सावकाश. सासूबाईंनी ती खूण उचलली आणि माझं बोलणं वाढलं की वापरायला लागल्या. आठवड्याभरात नवराही. घरातल्या सगळ्यांची एक भाषा झाली आणि तिचा मुख्य उपयोग मला गप्प करण्यासाठी होऊ लागला.

तिसऱ्या महिन्यात एकदा ती घसरली. हे मला नंतर तिनेच सांगितलं, म्हणून लिहिते. दवाखान्यातून निघाल्यावर काकांना "आप जाओ, मुझे सहेली के घर जाना है" म्हणून ती जामुलच्या बसमध्ये चढली. जामुलला पूड विकणारं कोण राहत होतं, ते तिलाही माहीत होतं आणि काकांनाही कळलं असावं. त्यांनी तिचा हात धरला नाही. ते रस्त्यात बसच्या पुढे जाऊन उभे राहिले आणि थांबवायचा सिग्नल दिला: दोन्ही हात आडवे पसरले. तळवे खाली. कंडक्टर दारातून ओरडला, "ए चाचा, मरना हे का? हट!" मागच्या गाड्या हॉर्न देऊ लागल्या. काका म्हणे तसेच उभे, आणि नजर ड्रायव्हरकडे नव्हती, पूर्वा बसली होती त्या तिसऱ्या खिडकीकडे होती. मग ते बाजूला झाले. बस गेली.

"मी उतरले नाही, मम्मी," पूर्वा म्हणाली. "शरम वाटत होती. दो स्टॉप आगे जाके उतरी. चालत परत आले. अर्धा तास लागला असेल. अंकल वहीं खड़े थे. हाथ नीचे थे, बस."

"काय म्हणाले?"

"काय म्हणतात? बोले, ऊन लई हाय, डोक्यावर ओढणी घे."

मी त्या वेळी घरी काय करत होते, तेही सांगते. मी ‘पूर्वा – प्रगती’ नावाची फाइल करत होते, रंगीत पट्ट्या लावून. त्या दिवसापुढे मी हिरवी पट्टी लावली होती.

पुढे कधीतरी एका दुपारी त्या दोघांनी स्पेनचा उरलेला सिनेमा काकांच्या घरी बसून पाहिला. शेवट काय आहे, मी दोघांनाही विचारलं. काकांनी हात आडवा केला. पूर्वाने तोच हात केला. माझ्या वहीत त्या सिनेमापुढचा रकाना रिकामा आहे आणि तिथे माझ्या अक्षरात फक्त ‘सहकुटुंब’ असं आहे.

वर्ष झालं, वर दोन महिने झाले. पूर्वा परत कॉलेजला जायला लागली. पूर्ण बरी झाली, असं मी लिहिणार नाही. डॉक्टर म्हणत नाहीत, ती म्हणत नाही, आणि अशा जागी बरोबरची खूण केल्याचा माझा अनुभव वाईट आहे. आणि एक दिवस काकांनी येऊन सांगितलं, की सुरतला कापडाच्या मिलमध्ये असलेल्या तुमसरच्या एका भाच्याने फोन केला होता. स्टेशनबाहेर दिनेशसारखा कोणी पाहिला, म्हणे. खरंच सुरतला.

"म्या पाच वर्ष खोटं सांगतलं," काका म्हणाले, "आन तो तठीच जाऊन बसला. पाहा बरं."

"आणि तो नसला तर?"

"नसला तर नसन. पण असला, तर दिसन का मी त्याले? इथून नाई दिसत."

जुनवानीचं घर सोडून ते सुरतला गेले. नंतरच्या काळात त्यांचे तीनदा फोन आले. पहिल्यांदा म्हणाले, सापडला नाही. दुसऱ्यांदा म्हणाले, सापडला, ओळख देत नाही. तिसऱ्यांदा फोन पूर्वाने घेतला होता आणि तिने मला एवढंच सांगितलं: रोज सकाळी सातला जाऊन त्याच्यासमोर उभे राहतात. लांबून.

ते निघाले त्या दिवसाचं मला जे आठवतं, ते माझ्या स्वभावाला धरूनच आहे. सकाळी प्रवासासाठी पुऱ्या आणि बटाट्याची भाजी केली होती. पूर्वा म्हणाली, मी बांधते. तिने खण उघडला. वर्षभरात मी फॉइल घरात आणलं नव्हतं; हा रोल तिनेच आदल्या दिवशी दुकानातून आणून ठेवला होता, आणि आणल्याचं फ्रिजवरच्या यादीत लिहिलंही होतं. तिने पुऱ्या गुंडाळल्या, कडा नीट दाबल्या. मी बघत होते. शिवणाचा टेप त्याच खणात होता. माझा हात तिकडे गेला, हे कबूल करते. मी त्या हाताने खण बंद केला.

दुर्ग स्टेशनवर गर्दी होती. काकांचं सामान सहा नग, यादी माझ्या हातात. ट्रंक, गादीची वळकटी, दोन पिशव्या, पाण्याचा कॅन, आणि हार्ड डिस्कची डबी त्यांच्या शर्टाच्या आतल्या खिशात. मी डब्यात चढून बर्थखालचे पाच आणि खिशातला सहावा असा एकेक नग मोजला, खाली उतरून खिडकीतून परत मोजला, समाधानाने शेवटची खूण केली, तेवढ्यात गाडी हलली. सहाही नग आत होते. पुऱ्यांची पुडी यादीत लिहायची राहिली होती आणि ती माझ्या काखेत होती.

मी काय केलं असेल? मी दोन्ही हात आडवे पसरले. तळवे खाली. दुर्ग स्टेशनच्या फलाटावर, सुरतेकडे निघालेल्या अख्ख्या गाडीला. थांबवायचा सिग्नल कोणीही देऊ शकतो. रेल्वेत गार्ड असलेला माझा नवरा शेजारी उभा होता. त्याने तोंड दुसरीकडे वळवलं. आणि हात पसरल्यावर पुडी खाली पडली.

पूर्वाने ती उचलली आणि पळाली. मी तिला शाळेनंतर पळताना पाहिलं नव्हतं. दारात दोन-तीन माणसं उभी होती, त्यांच्यामागे काका असावेत. चेहरा दिसलाच नाही. त्या माणसांच्या खांद्यांमधून एक हात बाहेर आला. तिने पुडी त्या हातात दिली आणि थांबली, गुडघ्यांवर हात टेकून, दम खात. गाडी पुढे सरकत गेली.

मग दुसरा हात बाहेर आला. पुडी धरलेला हात वर स्थिर, त्याच्याखाली दुसऱ्या हाताचं बोट आभाळाकडे करून फिरत होतं. वर घे. सावकाश. फलाटाचं छप्पर जिथे संपतं तिथे हात उन्हात गेले आणि चांदीचा कागद एकदम चमकला. पूर्वाने आपला हात वर केला. बराच वेळ, गाडी वळणापाशी जाईपर्यंत, तेवढंच दिसत होतं: न हलणारा एक चमकता ठिपका आणि त्याच्याखाली फिरणारं बोट.